जोडाच्या तारा

चुंबक आणि अतिसंवाहक यांचे पटत नाही, हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. आधी साताऱ्यात, नंतर सांगलीत. नुसते सांगत नव्हतो, दाखवतही होतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी द्रवरूप नायट्रोजनचे जार येतात. त्यातला लिटरभर मागून आणायचा, थर्मोकोलच्या वाटीत इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची काळी टिकली ठेवायची, तिच्यावर नखाएवढा चुंबक ठेवायचा आणि नायट्रोजन ओतायचा. पांढरी वाफ टेबलाच्या कडेवरून खाली उतरायची. वाटीतली खळखळ थांबत आली, टिकली ९२ केल्विनच्या खाली गेली, की चुंबक हलकेच उचलला जायचा आणि अधांतरी राहायचा. मागच्या बाकावरची मुले उभी राहायची. मग मी फळ्याकडे वळून लिहायचो: अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला आत येऊ देत नाही, क्षेत्र फारच वाढले तर अतिसंवाहकता नष्ट होते.

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, चुंबक वर तरंगू न देता टिकलीला चिकटवूनच टाकला तर? मधे जागाच नाही ठेवली तर काय होईल?”

“मग अतिसंवाहकता जाईल,” मी म्हणालो.

“सगळी?”

त्या “सगळी?”ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधायला ती पुढे पुण्याला गेली, तिथून परदेशी गेली आणि आता हे पुस्तक घेऊन आली आहे. प्रस्तावना लिहायचा मान तिने मला दिला. तीनशे पानांच्या या पुस्तकात त्या एका शब्दाचेच उत्तर आहे, असे मला ते वाचताना वाटत राहिले. सगळी जात नाही. कुठे जाते, किती अंतरात जाते आणि जाता जाता काय करून जाते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

चिकटवणे म्हणजे इथे डिंकाने चिकटवणे नव्हे. हवा काढून घेतलेल्या पोलादी पात्रात सिलिकॉनची गुळगुळीत चकती ठेवतात. आर्गॉनच्या आयनांचा मारा करून निओबियमच्या पत्र्यातले अणू उडवतात आणि ते चकतीवर बसू देतात. एक थर झाला की पात्र न उघडता दुसरा पत्रा पुढे आणायचा, कोबाल्टचा किंवा निकेलचा, आणि पहिल्यावर दुसरा थर चढवायचा. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. इथे थर असतो एक, पाच, फार तर पन्नास नॅनोमीटरचा. एका नॅनोमीटरमध्ये निकेलचे चार-पाच अणू एकावर एक बसतात, त्याहून जास्त नाहीत. वर्गातला माझा नियम टिकलीएवढ्या वस्तूसाठी खरा होता. या जाडीला पोहोचलो की तो पुरत नाही.

हे वैर आले कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९११ साली लायडनमध्ये कॅमरलिंग ओनेस यांना दिसले, की पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. १९३३ साली माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले, की अशा अवस्थेतला धातू आतले चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. आणि १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी कारण सांगितले: धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. जोडीतल्या एकाची स्पिन वर, तर दुसऱ्याची खाली. एक एका दिशेला निघालेला, तर दुसरा बरोबर उलट दिशेला. अशा असंख्य जोड्या एकाच लाटेत बांधल्या जातात आणि मग त्या लाटेला अडवायला अणूंच्या ठेचा पुरत नाहीत. लोहचुंबकात शिस्त याच्या नेमकी उलट असते. तिथे शेजारच्या स्पिन एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात. एकाला जोडीदार उलटा हवा, दुसऱ्याला सुलटा. शिवाय ताकदीतही फार अंतर आहे. लोखंड-कोबाल्टमधली स्पिन एका दिशेला वळवणारी ऊर्जा ही इलेक्ट्रॉनांची जोडी बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट, काही ठिकाणी हजार पट. १९५८ साली माथियास, सूल आणि कोरेन्झ्विट यांना दिसून आले, की लँथॅनममध्ये शेकडा एकाच्या आसपास गॅडोलिनियम मिसळले तरी अतिसंवाहकता संपते. दुधात मिठाचा खडा पडावा तसे. पुढे कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांनी हाच धडा गिरवला आणि आम्हीही तोच शिकवला.

पण मिसळणे वेगळे आणि शेजारी बसवणे वेगळे. एकमेकांत कालवले तर दोघांना एकच जागा वाटून घ्यावी लागते. शेजारी ठेवले तर ज्याची त्याची जागा राहते, फक्त मधली सीमा दोघांची होते. तिथे काय घडते, याला इंग्रजीतल्या शब्दावरून आपल्याकडे ‘सान्निध्य परिणाम’ म्हणण्याची पद्धत आहे. लेखिकेच्या पहिल्या मसुद्यात तोच शब्द होता. मी तो बदलायला सुचवला आणि तिने ऐकले, याचा मला आनंद आहे. सान्निध्य देवाचे असते, संतांचे असते. त्यात भिंत नाही. इथे भिंतीवरच सगळे काही अवलंबून आहे. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की आपल्याकडे ठसका लागतो. खिडकीजवळ जास्त, आतल्या खोलीत कमी, परसात मुळीच नाही. म्हणून ‘शेजार-परिणाम’. अतिसंवाहकातल्या जोड्या शेजारच्या धातूत थोड्या आत जातात आणि तेवढ्या पट्ट्यात तोही अतिसंवाहकासारखा वागतो. उलट दिशेनेही काही येते: सीमेजवळच्या अतिसंवाहकातल्या जोड्या विरळ होतात आणि चुंबकाची शिस्त त्याच्या आत काही अंतर पोहोचते.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. ‘अतिसंवाहकता’ हा शब्द मला परका वाटत नाही, कारण तो वाईच्या विश्वकोशाने आपल्या हाती दिला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला आणि ‘अ’पासून सुरुवात असल्यामुळे ही नोंद त्या पहिल्याच खंडात आली. उच्च तापमानाचे अतिसंवाहक तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. ते आले १९८६ साली. तरीही सातारा जिल्ह्यातल्या एका गावी बसून कुणीतरी या शब्दाचा विचार केला होता. लेखिकेने तो जसाच्या तसा ठेवला आहे. ‘लोहचुंबकीय’ हाही ठेवला आहे, मात्र वाचकाने लक्षात ठेवावे, की निकेल, कोबाल्ट, गॅडोलिनियम यांत लोखंडाचा कण नसला तरी ते याच वर्गातले. ‘परिवलन’ तिने सोडून दिले आणि ‘स्पिन’ घेतले. मला ते पटते. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत नाही आणि ‘परिवलन’ म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे भोवराच येतो.

आता मुख्य गोष्टीकडे. तांब्यासारखा साधा धातू अतिसंवाहकाला लागून असेल तर जोड्या त्यात शिरतात आणि हळूहळू विरत जातात. १९३२ साली होल्म आणि माइसनर यांनी अशा जोडणीतून रोधाशिवाय विद्युतप्रवाह जाताना पाहिला. १९६४ साली द जेन यांनी सीमेवरच्या या वागण्याचे गणित नीट मांडले. तापमान पुरेसे खाली असेल तर तांब्यात जोड्या शेकडो नॅनोमीटर, कधी त्याहून पुढे जातात. कोबाल्टमध्ये त्या एखाद्या नॅनोमीटरमध्येच संपतात. इथवर माझा जुना धडा तग धरून राहतो: चुंबकात जोड्या लवकर मरतात. पण त्या मरण्याआधी जे करतात ते तांब्यात कधीच होत नाही, आणि ते मला समजले मिरजेत.

मिरज सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. दीडशे वर्षांहून अधिक काळ ही घराणी सतारी आणि तंबोरे घडवत आली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. निवृत्तीनंतर मी भाचीचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन अशाच एका दुकानात बसलो होतो. छताला मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, लाखेचा वास. कारागिराने तंबोरा आडवा मांडीवर घेतला. पहिली तार पंचमाला लावली, शेवटची खर्जाला. मधल्या दोन तारांना तो ‘जोड’ म्हणत होता. दोन्ही एकाच षड्जाला लावायच्या. त्याने एक लावली, मग दुसरी, आणि दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या. आवाज स्थिर नव्हता, हेलकावत होता. वाँव, वाँव, वाँव. मोठा, लहान, मोठा, लहान. त्याने घोडीच्या खालचा मणी केसभर सरकवला. हेलकावे सावकाश झाले. आणखी केसभर. मग एका हेलकाव्याला मोजता येईल इतका वेळ लागू लागला. शेवटी हेलकावे थांबले आणि दोन्ही तारांचा मिळून एक सपाट, भरलेला सूर उभा राहिला.

“आता जोड लागली,” तो म्हणाला. “आधी दोघी भांडत होत्या.”

एक तार सेकंदाला २४० वेळा आणि दुसरी २४३ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. फरक जितका मोठा तितके हेलकावे जलद; फरक मिटला की हेलकावे संपले. हे ध्वनीच्या धड्यात मी दरवर्षी शिकवायचो. त्या दुकानात मात्र मला लेखिकेचा जुना प्रश्न आठवला आणि अंगावर काटा आला. कारण जोडीतले दोन इलेक्ट्रॉन चुंबकाच्या सीमेतून आत शिरतात तेव्हा नेमके हेच घडते.

चुंबकात एका स्पिनला आतली जागा सोयीची, दुसरीला गैरसोयीची. सोयीच्या इलेक्ट्रॉनाची स्थितिज ऊर्जा कमी होते आणि एकूण ऊर्जा तेवढीच राहायची म्हणून त्याचा वेग वाढतो. गैरसोयीच्याचा कमी होतो. वेग बदलला की त्या इलेक्ट्रॉनाच्या लाटेची लांबी बदलते. जोडीतल्या दोन्ही लाटा सीमेवर अगदी जुळलेल्या असतात, पण चुंबकात त्यांच्या लांब्या किंचित वेगळ्या होतात. मग त्या बरोबर चालताना कधी जुळतात, कधी विस्कटतात. तंबोऱ्याचे हेलकावे काळात पडतात, हे हेलकावे अंतरात पडतात, एवढाच भेद. जोडीची ताकद सीमेपासून आत जाताना कमी होत होत शून्याला येते, पुन्हा थोडी वर येते, पुन्हा शून्याला जाते. तारांचा नियमही इथे तसाच लागू पडतो. चुंबक जबर असेल, कोबाल्टसारखा, तर दोन लांब्यांतला फरक मोठा आणि हेलकावे नॅनोमीटरभर अंतरात पडतात. चुंबक सौम्य असेल, उदाहरणार्थ निकेलमध्ये निम्मे तांबे मिसळून दुबळा केलेला, तर हेलकावा कित्येक नॅनोमीटर लांब होतो आणि मोजता येतो. अशी लाट मोठ्या चुंबकीय क्षेत्रातल्या अतिसंवाहकात असावी, हे १९६४ साली फुल्दे आणि फेरेल यांनी, तसेच लार्किन आणि ओव्हचिनिकोव्ह यांनी सांगितले होते. तिथे ती सापडवणे फार कठीण गेले. दोन थरांच्या सीमेवर ती आपण होऊन उभी राहते.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर तारेच्या लांबीवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण सुरातला फरक कानाने ओळखून तो लांबीत मांडण्याची ओढ आपल्या या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी होती. इथल्या मुलाला हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही. त्याने जोड लागताना ऐकली असेल तर निम्मे काम झालेले आहे.

उरलेले निम्मे कानाला ऐकू येत नाही, आणि ते अधिक सुंदर आहे. दोन तारांचा हेलकावा शून्यातून जाऊन पुन्हा मोठा होतो तेव्हा तो पहिल्यासारखा नसतो. लाटेचे टोक जिथे वर असायला हवे तिथे खाली असते. एक हेलकावा सुलटा, पुढचा उलटा, त्यापुढचा सुलटा. कान फक्त मोठेपणा ऐकतो, त्याला उलट-सुलट कळत नाही. अतिसंवाहकाला कळते. चुंबकाचा थर अशा जाडीचा घेतला, की जोडीची लाट पलीकडे पोहोचेपर्यंत उलटी झालेली असेल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अतिसंवाहक ठेवला, तर त्या दोन अतिसंवाहकांचे एकमेकांशी नाते उलट होते. रोधाशिवाय वाहणारा प्रवाह नेहमीच्या उलट खुणेचा होतो.

याची पार्श्वभूमी अशी. १९६२ साली जोसेफसन यांनी सांगितले, की दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा पातळ पडदा असला तरी त्यातून व्होल्टता न देता प्रवाह जाऊ शकतो. हा प्रवाह जास्तीत जास्त किती असेल आणि त्याचा त्या पडद्याच्या साध्या रोधाशी काय संबंध, हे १९६३ साली विनय आंबेगावकर आणि अलेक्सिस बॅराटॉफ यांनी दाखवून दिले. आंबेगावकर पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक राहिले. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव एका सूत्राला जोडून रोज घेतले जाते, आणि आपल्या मुलांना ते माहीत नाही याची मला हळहळ वाटते. पडद्याच्या जागी चुंबक ठेवला तर नाते उलटेल, हे १९८२ साली बुझदिन, बुलाएव्हस्की आणि पान्युकोव्ह यांनी कागदावर सिद्ध केले. प्रयोगात ते दिसायला १९ वर्षे लागली. २००१ साली रियाझानोव्ह आणि सहकाऱ्यांनी निओबियमच्या दोन थरांमध्ये तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा थर ठेवून ते मोजले. साधी जोडणी थंड करत गेले की तिच्यातून जाऊ शकणारा प्रवाह वाढतच जातो. त्यांच्या जोडणीत तो कमी झाला, शून्याला टेकला, आणि आणखी थंड करताच पुन्हा वर आला. अशा उलट्या जोडणीचे कडे केले तर बाहेरून काहीही न देता त्यात आपोआप प्रवाह फिरू लागू शकतो. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

हेलकाव्यांची दुसरी खूण आणखी आधी दिसली होती. १९९५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जियांग, दाविदोविच, राइक आणि चिएन यांनी निओबियम आणि गॅडोलिनियमचे थर एकाआड एक रचले आणि गॅडोलिनियमची जाडी वाढवत नेली. अतिसंवाहकता ज्या तापमानाला सुरू होते ते खाली घसरत जावे ही सगळ्यांची अपेक्षा. ते आधी घसरले, मग वर चढले. चुंबक जास्त, आणि अतिसंवाहकताही जास्त.

पुस्तकाचा सर्वांत कठीण भाग पाचव्या प्रकरणात आहे, आणि लेखिकेचा जीव त्यातच गुंतलेला आहे हे पानापानावर जाणवते. जोडीतल्या दोन्ही इलेक्ट्रॉनांची स्पिन एकाच दिशेला असली तर? मग चुंबकात दोघांची सोय-गैरसोय सारखीच, दोघांच्या लाटांची लांबी सारखीच, हेलकावे नाहीत. जोड लागली. अशी जोडी चुंबकात तांब्याइतक्या सहजतेने दूरवर जाऊ शकेल. २००१ साली बर्गेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेतोव्ह यांनी दाखवले, की सीमेजवळच्या चुंबकीय दिशा एकमेकींना वळून असतील, सगळ्या एका रेषेत नसतील, तर नेहमीच्या उलट-सुलट जोडीतून अशी एकदिश जोडी घडू शकते. २००६ साली डेल्फ्टच्या संशोधकांनी क्रोमियम डायऑक्साइडमधून शेकडो नॅनोमीटर अंतर रोधाशिवाय प्रवाह नेला. या पदार्थात प्रवाह वाहणारे इलेक्ट्रॉन सगळे एकाच स्पिनचे असतात, उलट स्पिनला तिथे जागाच नाही. म्हणजे साधी जोडी तिथे एक पाऊलही टाकू शकली नसती. आमच्या पिढीला हा पदार्थ वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. चांगल्या प्रतीच्या ‘क्रोम’ कॅसेटच्या फितीवर तोच असायचा. त्या फितींवर आम्ही गाणी जपली आणि त्यांच्यातला हा गुण आम्हाला माहीत नव्हता. २०१० साली कोबाल्टच्या थरांतून अशाच दूर जाणाऱ्या जोड्या मिशिगन राज्य विद्यापीठात दिसल्या. त्या शोधनिबंधावर पहिले नाव तृप्ती खैरे यांचे आहे. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने हॉल्मियमच्या मळसूत्री चुंबकत्वाचा उपयोग करून तेच दाखवले.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत मोठे पाऊल मुंबईत पडले. १९९४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता जाहीर केली. निकेल म्हणजे चुंबकांच्या घरातला धातू. तो असताना अतिसंवाहकता, आणि तीही निकेलच्या संयुगासाठी एवढ्या चढ्या तापमानाला, ही मोठी गोष्ट होती. इट्रियमच्या जागी अर्बियम घातले तर ११ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता येते आणि २.३ केल्विनच्या खाली दुबळे लोहचुंबकत्वही येते. दोन्ही एकत्र नांदतात. हॉल्मियम घातले तर ८ केल्विनला आलेली अतिसंवाहकता ५ केल्विनजवळ जवळजवळ जाते आणि आणखी थंड केल्यावर परत येते. या स्फटिकात चुंबकीय अणूंचे पापुद्रे आणि निकेल-बोरॉनचे पापुद्रे निसर्गानेच एकाआड एक रचले आहेत. पोलादी पात्रात आपण जे थर कष्टाने चढवतो ते तिथे भट्टीत आपोआप होतात.

नारळीकर घराणे मूळचे कोल्हापूरचे. जयंत नारळीकरांना कोण ओळखत नाही. पण त्यांचे बंधू अनंत नारळीकर यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आयुष्य अतिसंवाहकांसाठी वेचले आणि या विषयावर ग्रंथ लिहिले व संपादित केले. ते सर्व इंग्रजीत आहेत. मराठीत या विषयाचे शेल्फ जवळजवळ रिकामे होते, म्हणूनही या पुस्तकाचे मोल मला वाटते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली महाविद्यालये १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहत आली. तिथल्या भौतिकशास्त्र विभागातून पीएच.डी. घेऊन आलेल्या आमच्या सहकाऱ्यांत दोन प्रकारचे लोक हमखास असत. एक फेराइटवाले: निकेल, जस्त आणि लोखंडाच्या ऑक्साइडची पूड दळायची, दाबून वड्या करायच्या, भाजायच्या आणि त्यांचे चुंबकत्व मोजायचे. दुसरे पातळ थरवाले: महागड्या निर्वात पात्राशिवाय, रसायनाच्या द्रावणातून किंवा विजेच्या साहाय्याने काचेवर, धातूवर थर चढवायचे. प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने तर विद्युत निक्षेपणाने उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचे थर घडवले आणि २००० च्या आसपास त्यावर कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचा थरही चढवला. म्हणजे अतिसंवाहकावर दुसरा थर बसवून शेजार कसा लागतो ते पाहणे, हे काम पंचगंगेच्या काठी झालेले आहे.

म्हणून फेराइटवर काम केलेल्या वाचकाने सहावे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. फेराइट विद्युतरोधक असतो, त्यात जोड्या शिरूच शकत नाहीत. म्हणून त्याचा इथे काय संबंध, असे वाटेल. पण रोधक चुंबकाचा शेजार दुसऱ्या बाजूने लागतो. युरोपियम सल्फाइड हा असाच रोधक चुंबक. त्याच्यावर काही नॅनोमीटरचा ॲल्युमिनियमचा थर दिला, की ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन सीमेवर आपटून परत येताना चुंबकाची खूण घेऊन येतात. जणू बाहेरून मोठे चुंबकीय क्षेत्र लावले आहे अशा रीतीने वर आणि खाली स्पिनच्या ऊर्जा दुभंगतात, आणि तरीही ॲल्युमिनियम अतिसंवाहक राहते. अमेरिकेत एमआयटीमध्ये मेसर्वे, टेड्रो आणि जगदीश मुडेरा यांनी यावर दीर्घ काळ काम केले.

उपयोगाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्याबद्दल वृत्तपत्रांत पुष्कळ येते. दोन चुंबकीय थरांची दिशा बदलून मधला अतिसंवाहक सुरू-बंद करता येतो; त्यातून अतिशय थंड तापमानाला चालणाऱ्या संगणकांसाठी, फार कमी वीज खाणारी स्मृती बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. उलट्या जोडण्या पुंज-संगणकाच्या मंडलांत वापरण्याचाही विचार चालतो. हे होईल तेव्हा होईल.

त्यापेक्षा मला पुस्तकातल्या त्या पानांचे महत्त्व अधिक वाटते, जिथे लेखिकेने आपल्या वाया गेलेल्या दोन वर्षांचा हिशेब दिला आहे. थर चढत होते, आलेख येत होते, पण हेलकावे दिसत नव्हते. दोन थर चढवताना मध्ये काही मिनिटे जास्त जात होती आणि पात्रात उरलेल्या प्राणवायूने निओबियमच्या पृष्ठभागावर एक नॅनोमीटरही नसलेला ऑक्साइड धरला होता. पंधरा-वीस अणू जाडीच्या घरात तीन अणूंची भिंत उभी राहिली होती. तो ऑक्साइड कसा शोधला, पात्र किती दिवस तापवले, दोन पत्र्यांमधली अदलाबदल किती सेकंदांवर आणली, हे तिने तारखेवार लिहिले आहे. घोडीवर सूत कुठे बसते यावर तंबोऱ्याची जवारी खुलते किंवा बंद होते. सूत केसभर इकडे-तिकडे झाले तर तारा तेच सूर बोलतात, पण तंबोरा बोलत नाही. सीमेचेही तसेच आहे. तरुण संशोधकांनी ही पाने टाळू नयेत.

गणिताची भीती वाटणाऱ्या वाचकाला एक सांगावेसे वाटते. तिसरे प्रकरण सूत्रांनी भरलेले आहे, ते पहिल्या वाचनात सोडून दिले तरी चालेल. पण त्याच्या अखेरीला एक आलेख आहे: आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर प्रवाह. उजवीकडून, म्हणजे उबदार बाजूने, रेषेवर बोट ठेवा आणि डावीकडे थंडीत सरकत जा. रेषा खाली येईल, शून्याला टेकेल आणि पुन्हा वर चढू लागेल. त्या टेकण्याच्या जागी बोट क्षणभर थांबवा, मणी केसभर सरकवताना मिरजेतला तो कारागीर थांबायचा तसे, आणि मग पान उलटा.